परत यायचंय? मग आधी हे वाचा!

आपल्या कॉलेजच्या गेटपासून होस्टेलपर्यंत चालत गेलात तर भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सवाल्याच्या काचेवर निदान दहा जाहिराती दिसतील. जीआरई, टोफेल, आयईएलटीएस, जर्मनीतलं शिक्षण, कॅनडाचा पीआर... जायचं कसं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. परत यायचं कसं हे सांगणारी एकही पाटी मला अंबड, सिडको, पाथर्डी फाटा या अख्ख्या पट्ट्यात अजून दिसलेली नाही. जणू गेलेला माणूस परत येतच नाही!

येतो की. आमच्याच घरी आला. माझे काका २००३ साली अमेरिकेत गेले आणि मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये काकू आणि दोन मुलांना घेऊन ते अंबडला परत आले. कारण साधं होतं. आजोबांना एमआयडीसीतलं वर्कशॉप झेपेनासं झालं होतं आणि आजीला नातवंडं फोनच्या स्क्रीनवर बघायचा कंटाळा आला होता. त्यानंतरचं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर पोळी-भाजीच्या शेजारी फायली असायच्या. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'अनिवासी', 'परकीय चलन', 'पूर्वलक्षी' हे शब्द मी त्या टेबलावर शिकले. जे कळलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्यातले निम्मे जण जायच्या तयारीत आहेत आणि गेलेल्यांपैकी बरेच जण कधी ना कधी परत येणार आहेत.

आधी पासपोर्टचं

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेच्या कलम ९ मध्ये आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये ते स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करा, न करा, संपतंच! जुना भारतीय पासपोर्ट मात्र आपोआप रद्द होत नाही. तो वकिलातीत जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तो कपाटात ठेवून त्यावर प्रवास करणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

हे करणारे थोडेथोडके नाहीत. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०११ मध्ये १,२२,८१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. २०२२ मध्ये हाच आकडा २,२५,६२० होता.

मग 'ओसीआय' म्हणजे काय? त्याचं पूर्ण नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन आहे, पण हे नागरिकत्व नव्हे. हा आयुष्यभराचा व्हिसा आहे, आणि सोबत काही सवलती. ही योजना डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली. त्याआधी पीआयओ कार्ड होतं, ते जानेवारी २०१५ मध्ये ओसीआयमध्ये विलीन केलं. ओसीआयवाला इथे राहू शकतो, नोकरी-धंदा करू शकतो, फ्लॅट किंवा गाळा घेऊ शकतो. मत देऊ शकत नाही, निवडणूक लढवू शकत नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी करू शकत नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते.

काकांनी २०१८ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं. काकूंनी नाही घेतलं, त्या ग्रीन कार्डावर राहिल्या. म्हणजे आज एका घरात, एका छताखाली, काका ओसीआय आणि काकू भारतीय! महापालिकेच्या मतदानाची स्लिप घरी येते त्यात काकूंचं नाव असतं, काकांचं नसतं. सिडकोतल्या खड्ड्यांवर घरात सगळ्यात जास्त बोलतात ते काकाच.

आपल्याच देशाचा व्हिसा

हे दुखणं आजचं नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऐकून माहीत असतील. गदर चळवळीतले क्रांतिकारक, नंतर मेक्सिकोत जाऊन कृषिशास्त्रज्ञ झाले. चापिंगोच्या शेतकी संस्थेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी ते परागंदा झाले, तो १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. त्यांनी परत यायचं ठरवलं आणि त्यांचा व्हिसाचा अर्ज नाकारला गेला! कारण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि राज्य बदललं तरी यादी तीच होती. पुढे तो निर्णय फिरवला गेला. ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले.

खानखोज्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कागदाला माणसाचं मन कळत नाही. देशावर तुमचं किती प्रेम आहे हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत. तारीख, शिक्का आणि सही विचारतात.

पुन्हा भारतीय होता येतं का? येतं. ओसीआय म्हणून नोंदणी होऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने तुम्ही भारतात राहिला असाल, तर कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता येतो. पण मग परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. ते एकदा सोडलं की पुढे दार बंद. शिवाय अमेरिकेत मोठी मालमत्ता असणाऱ्याला तिथून बाहेर पडतानाही कर लागू शकतो. म्हणून बहुतेक जण ओसीआयवरच थांबतात. काकाही थांबलेत.

मुलांचं काय?

हा भाग होस्टेलवाल्यांनी नीट वाचा, कारण हा आपल्या ओळखीचा विषय आहे : ॲडमिशन!

काकांची दोन्ही मुलं अमेरिकेत जन्मली, म्हणजे जन्मानेच अमेरिकन नागरिक. मोठ्या मुलीचं ओसीआय कार्ड ती दोन वर्षांची असताना, २०१० मध्येच काढलं होतं. धाकट्याच्या वेळी काका-काकू कामात होते. सुट्टीला येताना त्याचा व्हिसा काढायचे, 'ओसीआय पुढच्या वर्षी करू' म्हणायचे. ते कार्ड शेवटी परत यायच्या गडबडीत, २०२२ मध्ये झालं.

मधल्या काळात काय झालं बघा. ४ मार्च २०२१ ला केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढली. तोपर्यंत प्रवेश परीक्षांच्या बाबतीत ओसीआय विद्यार्थी भारतीयांच्या बरोबरीने सर्वसाधारण जागांसाठी बसू शकत होते. अधिसूचनेनंतर नीट, जेईई वगैरे परीक्षांमधून त्यांना फक्त एनआरआय जागा किंवा वाढीव जागा उरल्या. यावर मुलं-पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की अधिसूचना वैध आहे, पण ती मागच्या लोकांना लावता येणार नाही, पुढे लागू होईल. जेईई ॲडव्हान्स्डच्या अलीकडच्या माहितीपत्रकांत ही रेघ ओढली आहे ती कार्डाच्या तारखेवर. ४ मार्च २०२१ च्या आधी कार्ड मिळालेले भारतीयांबरोबर, नंतरचे परदेशी विद्यार्थ्यांबरोबर.

म्हणजे एकाच आईबापाची दोन मुलं. एकाच बाकावर बसून अभ्यास करतात, एकच क्लास, एकच डबा. मोठी सर्वसाधारण जागेसाठी बसू शकते, धाकट्याची गणना परदेशी मुलांत होते! एनआरआय कोट्यातल्या मुलांची फी आपल्या फीच्या किती पट असते ते आपल्या कॉलेजच्या ऑफिसात एकदा विचारून बघा. धाकटा अजून शाळेत आहे. तो म्हणतो, "मी पण इथेच राहतो ना?" त्याला काय उत्तर द्यायचं ते घरात कोणालाच सुचत नाही. तोपर्यंत नियम बदलेल या आशेवर सगळे आहेत. काकू मात्र आता भेटेल त्या परदेशस्थ नातेवाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतात : "मुलांची कागदपत्रं झाली का?"

आणखी एक. पालक दोघेही भारतीय नागरिक असतील आणि बाळ परदेशात जन्मलं असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंदणी करायची असते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. जर्मनी किंवा आखातात जन्मलेल्या बाळांना तिथलं नागरिकत्व आपोआप मिळतंच असं नाही, त्यामुळे ही नोंदणी त्यांच्यासाठी फार महत्त्वाची आहे.

पैसा : दोन कायदे, दोन व्याख्या

आता पैशाकडे येऊ. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण 'भारतातला रहिवासी' कोण याची दोन कायद्यांत दोन उत्तरं आहेत.

पहिला कायदा फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा. तो हेतू बघतो. कायमचं राहायला म्हणून विमानातून उतरलात की त्याच दिवसापासून तुम्ही रहिवासी. दुसरा आयकर कायदा. तो दिवस मोजतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो, पण दिवस मोजायची मूळ पद्धत तीच राहते.

फेमाचा परिणाम बँकेत दिसतो. अनिवासी भारतीयांचं 'एनआरई' खातं असतं. त्यावरचं व्याज करमुक्त असतं, पण ते फक्त अनिवासी असेपर्यंत. परत आल्यावर हे खातं साध्या निवासी खात्यात बदलावं लागतं, किंवा पैसे 'आरएफसी' म्हणजे निवासी परकीय चलन खात्यात न्यावे लागतात. आरएफसीमध्ये डॉलर डॉलरच राहतात, उद्या मुलीला शिकायला परत पाठवायचं झालं तर उपयोगी पडतात. 'एफसीएनआर' ठेव असेल तर ती मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते. बरेच लोक परत येऊन वर्षानुवर्षं एनआरई खातं तसंच वापरतात. 'बँक काही बोलली नाही' हे कारण चालत नाही. फेमाखाली दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

फेमात एक चांगली गोष्टही आहे. कलम ६(४) सांगतं की परदेशात राहत असताना कमावलेलं तिथलं घर, शेअर, बँकेतले पैसे परत आल्यावरही तुमच्याच नावावर ठेवता येतात. घाईघाईने सगळं विकून यायची गरज नाही. १९७३ च्या फेराच्या काळातल्या गोष्टी सांगून घाबरवणारे मामा-मावशा प्रत्येक घरात असतात. त्यांना हे कलम वाचून दाखवावं!

२ ऑक्टोबरचं गणित

आयकराचं गणित मला आवडलं, कारण ते खरंच गणित आहे. आपल्या 'इफ-एल्स'सारखं.

एका आर्थिक वर्षात (१ एप्रिल ते ३१ मार्च) भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही रहिवासी. (६० दिवस अधिक आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस अशी दुसरी अटही आहे, पण इतकी वर्षं बाहेर असलेल्याला ती सहसा लागत नाही.) रहिवासी झालात तरी लगेच जगभरच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मध्ये एक पायरी आहे : 'रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही', म्हणजे आरएनओआर. या पायरीवर असताना तुमचं परदेशातलं व्याज, घरभाडं, शेअरचा नफा यांवर भारतात कर नाही. अट काय? मागच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी हवेत, किंवा मागच्या सात वर्षांतले भारतातले एकूण दिवस ७२९ पेक्षा जास्त नकोत. दोन्हीपैकी एक पुरेशी.

काकांचा हिशोब मांडू. ते २० ऑगस्ट २०२२ ला आले. त्या आर्थिक वर्षात २२४ दिवस झाले, म्हणजे रहिवासी. आधीची दहाही वर्षं अनिवासी, म्हणून २०२२-२३ साठी आरएनओआर. २०२३-२४ मध्ये मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी, म्हणून पुन्हा आरएनओआर. २०२४-२५ मध्ये मागच्या दहापैकी आठच, पहिली अट गेली. आता दुसरी. २२४ अधिक ३६६ (त्या वर्षी २९ फेब्रुवारी होता) म्हणजे ५९०. ७२९ मधून ५९० गेले, उरले १३९. म्हणजे त्याआधीच्या पाच वर्षांत सुट्टीला येऊन घालवलेले दिवस १३९ च्या आत असतील तर तिसरं वर्षही सुटलं! काकांनी जुन्या पासपोर्टवरचे शिक्के मोजले. चार सुट्ट्या, मिळून १०० दिवस. सुटले. आजीच्या आजारपणासाठी दोन महिने जास्त राहिले असते तर नसते सुटले.

आता २ ऑक्टोबर कुठून आला? १ ऑक्टोबरला उतरलात तर ३१ मार्चपर्यंत (लीप वर्ष नसेल तर) बरोबर १८२ दिवस होतात. गांधी जयंतीला उतरलात तर १८१! म्हणजे ते अख्खं वर्ष अनिवासी, आणि पुढची दोन वर्षं आरएनओआर पक्की. म्हणून सीए लोक ऑक्टोबरनंतर यायला सांगतात. पण शाळा जूनमध्ये सुरू होतात. कर म्हणतो ऑक्टोबर, शाळा म्हणते जून. काका मधेच, ऑगस्टमध्ये आले. मुलांचं वर्ष वाचवलं, कराचं थोडं गेलं. असे निर्णय कॅल्क्युलेटरवर होत नाहीत, पण आकडे माहीत असले की निदान डोळे उघडे ठेवून होतात.

ही सवलत संपली की मात्र जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं, आणि परदेशातली खाती-मालमत्ता विवरणपत्राच्या वेगळ्या तक्त्यात लिहायची. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली ते न लिहिल्याबद्दल १० लाखांचा दंड होऊ शकतो. (२०२४ च्या दुरुस्तीने घरजमीन सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला यातून सूट मिळाली.) एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून भारत-अमेरिकेत १९८९ चा करार आहे, तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते.

तिकडे राहिलेलं

अमेरिकेची एक गंमत आहे. ती आपल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना जगात कुठेही राहिलात तरी कर विवरण भरायला लावते. काका अंबडमध्ये बसून दर वर्षी अमेरिकेचंही विवरण भरतात. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली की त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. इथले म्युच्युअल फंड घेतले तर अमेरिकन नियमांनी त्यावरचा कर फार किचकट होतो, म्हणून काकांनी ते घेतलेच नाहीत. लपवायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण २०१५ च्या करारानुसार दोन्ही देश एकमेकांना खात्यांची माहिती देतात. काकूंनी परत आल्यावर ग्रीन कार्ड रीतसर फॉर्म भरून सोडलं. 'असू दे पडलेलं' म्हटलं असतं तर विवरण भरायची जबाबदारीही चालूच राहिली असती.

४०१(के) म्हणजे तिथला प्रॉव्हिडंट फंड. साडेएकोणसाठ वर्षांआधी काढला तर साधारणपणे करावर आणखी १० टक्के जातात. काकांनी तो तिथेच ठेवला. २०२१ पासून भारताने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथल्या अशा खात्यांसाठी सोय केली आहे : पर्याय निवडला तर इथला कर दर वर्षी नाही, पैसे काढताना लागतो.

आणि सोशल सिक्युरिटी? पगारातून ६.२ टक्के कापले जातात, पण पेन्शनसाठी ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षं काम लागतं. सहा वर्षं एच-१बी वर काम करून परत आलेल्याचे पैसे गेल्यात जमा. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. कुठे जायचं हे ठरवताना हा मुद्दाही बघावा.

आखातातून येणारे

होस्टेलवर रत्नागिरी-रायगडकडची मुलं आहेत. त्यांच्या घरचं चित्र वेगळं असतं. आखातात कितीही वर्षं राहिलं तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही, म्हणून पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. पगारावर करही नाही. पण पेन्शनही नाही, नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी तेवढी. आणि कधीकधी परत यायची तारीख आपण ठरवत नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. कित्येकांची आयुष्यभराची कमाई तिथल्या बँकेत अडकली. २०२० च्या करोनातही हजारो जण नोकरी गमावून आले. म्हणून आखातातल्या माणसाने निम्मी बचत तरी भारतात, स्वतःच्या नावावर ठेवलेली बरी. भावाच्या नावावर बांधलेल्या घरांच्या कहाण्या कोकणात कमी नाहीत.

जमिनीचं

शेवटचा मुद्दा नाशिकचा. आजोबांची अंबडमधली शेती कधीच एमआयडीसीत गेली. दिंडोरीकडे दोन एकर राहिली आहे. काकांच्या डोक्यात द्राक्षबाग होती. शेजारची एक एकर विकायला निघाली, आणि तेव्हा कळलं की ओसीआयवाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वारसाने मिळू शकते, विकत नाही. महाराष्ट्रात तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या भारतीयालाही परवानगीशिवाय घेता येत नाही. ती एकर शेवटी बाबांनी घेतली. सातबाऱ्यावर बाबांचं नाव, बांधावर उभे काका.

तर मित्रमैत्रिणींनो...

जायचं असेल तर जरूर जा. फक्त जातानाच चार गोष्टी करा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या झेरॉक्स ठेवा, भारतातले दिवस मोजता येतील. परदेशी नागरिकत्व घेताना काय सुटतं त्याची यादी करून मगच सही करा. मुलं झाली की त्यांची कागदपत्रं पहिल्याच वर्षी करा. आणि परतीची तारीख ठरवण्याआधी, तिकीट काढण्याआधी, एकदा चांगल्या सीएला भेटा. नियम बदलतात, तेव्हा हा लेखही शेवटचा शब्द समजू नका.

काकांना मी विचारलं, "एवढ्या कटकटी होत्या, मग आलात कशाला?" ते वर्कशॉपमध्ये लेथवरचा जॉब मापत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, कटकटी तिथेही होत्या. फक्त त्या इंग्लिशमध्ये होत्या."